खांद्यातल्या पाण्याचा आवाज

पार्वतीबाई डाव्या हातानं भाकर थापून राहिली होती. एवढंच. वाशिमहून हिंगोलीला निघालेली एस्टी कनेरगाव नाक्याला ढाब्यापुढं थांबली, मी खिडकीतून सहज मान वळवली, आणि हे दिसलं. पत्र्याखाली चूल, चुलीपुढं काटवट, काटवटीपुढं पार्वतीबाई. उजवा हात मांडीवर, निजलेलं लेकरू ठेवावं तसा. डावा थापून राहिलेला. भाकर काही गोल होईना, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटलेली. मग तिनं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, तो हात उचलून काटवटीच्या काठावर आणून ठेवला, त्याच्या टेकूनं भाकर कशीबशी तव्यावर सोडली, आणि हात परत उचलून मांडीवर निजवला. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पार नाकापर्यंत. या वयात नव्या नवरीगत तोंड झाकून बसायची पाळी आली माझ्यावर, ती बी एस्टीत, ती बी एका भाकरी करणाऱ्या बाईच्या भेवानं. ढाब्यावर हजार माणसं होती. न्हाई, हजार कुठली. सगळी धरून सात-आठ असतील. दोन ट्रकवाले, आमचा ड्रायव्हर-कंडक्टर, बाकीचे असेच. पण मला ती हजारच वाटून राहिली होती.

"आत्याबाई, उतरता का? पाय मोकळे होतील," सून रेवती म्हणाली. ती पंचायत समितीत क्लार्क हाय, सगळ्यांना रांगेत उभं करायची तिला सवय. "ड्रायव्हर जेवायला बसलाय. गाडी आता लवकर हलत न्हाई."

"पायात गोळा आलाय."

"सकाळी तर बहिणीच्या घरचा जिना पळत उतरल्या."

"तो दुसरा पाय होता."

रेवती हसली आणि चहाला उतरून गेली. माझ्यावर हसायची तिला सवयच हाय. सगळ्यांनाच हाय. मीच लावली. माझा खांदा कसा गेला ते मी हिंगोलीच्या दवाखान्यात पाच जणांना पाच प्रकारे सांगितलं. एकाला म्हटलं, पोळ्याला बैल सुटला, मी कासरा धरून ठेवला, बैल जागेवर राहिला, खांदा गेला. दुसरीला म्हटलं, कयाधूच्या पुलावर एस्टी उताराला लागली होती, ड्रायव्हर खाली बिडी ओढून राहिला होता, मी मागच्या शिडीला धरून गाडी थोपवली. खरं असं, की मला साखरेची तकलीफ हाय म्हणून रेवतीनं गुळाचा डबा लोखंडी कपाटावर ठेवला होता, मी स्टुलावर चढले, हात वर केला, स्टूल सरकलं, आणि एका हातात डबा, दुसऱ्यानं कपाटाला लोंबकळून राहिले एक क्षण. आत खांद्यात काहीतरी फाटलं, जुन्या लुगड्याचा काठ फाटावा तसं, आवाजासकट. गुळाचा डबा मात्र सोडला न्हाई मी. ही शेवटची गोष्ट कोणाला सांगितली तर कोणी मान वर करून बघितलं नसतं.

डॉक्टर चिन्मय म्हणजे आमच्या विष्णुपंतांचा नातू. विष्णुपंत आणि आमचे मालक तहसिलात एका टेबलाला समोरासमोर बसायचे. चिन्मय माझ्या मांडीवर मुतलेला हाय, आता तो मला फोटो दाखवून समजावून सांगून राहिला होता. म्हणाला, "आज्जी, खांद्यात दोऱ्या असतात. तुमची वरची दोरी फाटली, आणि ती इतकी विरली हाय की शिवायला गेलं तर टाका धरत न्हाई. दोरी न्हाई म्हणून हाड वर चढतं आणि हाडाला घासतं. तर आमी एक नवी गोष्ट तपासून पाहून राहिलो. तिथं एक छोटा फुगा ठेवायचा, मिठाच्या पाण्यानं भरलेला. तो हाडाला खाली धरून ठेवतो, तवर बाकीच्या दोऱ्या काम शिकून घेतात. पुढं वरीसभरात तो आपोआप विरघळून जातो, काढायची भानगड न्हाई." पण तपासायचं म्हंजी कसं, तर अर्ध्या लोकांच्या खांद्यात फुगा ठेवायचा, अर्ध्यांची नुसती आतून साफसफाई करायची. कापलेल्या खुणा सगळ्यांना सारख्याच. कोणाला काय मिळालं ते ज्याचं त्याला सांगायचं न्हाई. ऑपरेशन नांदेडचे मोठे डॉक्टर येऊन करणार, त्यांनाच ठाऊक. चिन्मयला बी मुद्दाम सांगितलेलं न्हाई, न्हाईतर त्याचा डोळा फुगेवाल्यांकडं लाडानं बघेल. "तुमचं काम एकच, आज्जी. जेव्हा जेव्हा विचारू तेव्हा खरं सांगायचं. हे सगळं त्याच्यावरच उभं हाय." तेव्हा रेवती मागून म्हणाली, "डॉक्टर, दुसरी म्हातारी बघा." आमी तिघं बी हसलो. मी सगळ्यात जास्त.

ऑपरेशन झाल्यावर पार्वतीबाई मला दवाखान्याच्या बाकड्यावर भेटली. व्यायामाच्या खोलीबाहेर ते बाकडं. तिचा बी उजवाच खांदा, ती बी याच तपासणीत. वर्षानुवर्षं भाकरी थापून आणि ढाब्याच्या पाण्याच्या कळशा उचलून तिची दोरी गेलेली. नवरा न्हाई, ढाबेवाला तिला कामावर ठेवून होता ते तिच्या भाकरीसाठी. ती म्हणायची, "आज्जी, माझ्या भाकरीवर ट्रकवाले रस्ता सोडून थांबत्यात. हात गेला तर मला तिथं कोन उभं करील?" हे ती रडून न्हाई सांगायची, दुकानदार मालाचा भाव सांगतो तसं सांगायची. आणि माझ्या गोष्टी ऐकायला ती अशी बसायची की काय सांगू. तोंड थोडं उघडं, दुखरा हात सांभाळून धरलेला, आणि डोळे माझ्या तोंडावर. असं ऐकणारं माणूस मला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. घरी सगळ्यांना माझ्या गोष्टी पाठ. जाई, माझी नात, औरंगाबादला शिकायला गेली. फोनवर ती "आज्जी, क्लास हाय" म्हणते आणि ठेवते. पार्वतीबाईला कोणताच क्लास नव्हता. मी तिला सांगितलं, माझ्या खांद्यात फुगा हाय. कसं समजलं? पुनवेला त्याच्यातलं पाणी चढतं, समिंदरावानी, आणि खांदा गार पडतो. पाऊस यायचा असला की गुबगुब करतो. आता मी विहिरीत पडले तर बुडणार न्हाई, तरंगणार. ती म्हणाली, "आवाज येतो?" मी म्हणाले, येतो तर. कान लाव.

कोमलनं, व्यायाम घेणाऱ्या पोरीनं, मला शेकायला बर्फाची रबरी पिशवी दिली होती. बर्फ वितळून पार पाणी झालं होतं. ती पिशवी पदराखाली, काखेत होती. पार्वतीबाईनं डोकं वाकवून माझ्या खांद्याला कान लावला. तिच्या केसांना चुलीच्या धुराचा वास होता. मी काख दाबली. गुबूक. तिनं डोकं वर केलं तेव्हा तिचा चेहरा... देवळात गाभाऱ्यातून बाहेर येताना बायांचा चेहरा असतो तसा. मी पुन्हा दाबली. तिनं स्वतःचा खांदा चाचपला, दाबला, मान वाकडी करून कान तिथवर न्यायला बघितलं. म्हणाली, "माझ्यात न्हाई वाजत." मी म्हणाले, "ज्यात हाय त्यात वाजतं." हे मी म्हणाले. बैलाची गोष्ट कशी मागचापुढचा विचार न करता येते, तसं आलं हे बी. लगेच कोमलनं आत बोलावलं आणि मी उठले. पिशवी काढून तिला दाखवायची, दोघींनी हसायचं, असं मनात होतं माझ्या; गंमत अशीच तर पुरी होते. पण मागं वळून बघितलं तर ती अजून खांदा दाबून ऐकत होती, आणि माझ्या मनात आलं, राहू द्या आजचा दिवस. पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला ती आली न्हाई. त्याच्या पुढच्या खेपेला बी न्हाई. कोमल म्हणाली, "पार्वतीकाकू फोन उचलत न्हाईत. व्यायाम सोडला असंल तर खांदा गोठत जातो. फुगा असो नसो, गोठलेला खांदा मग कोणाच्या बापाचं ऐकत न्हाई. काहून सोडलं असंल त्यांनी?" मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून राहिले होते. गणपतीचं होतं. गणपतीनं बी मला बघितलं.

आणि मला काय ठाऊक होतं माझ्या खांद्याचं? काहीच न्हाई. गुबगुब न्हाई, गार न्हाई, चढणं-उतरणं न्हाई. एक दुखणं होतं, आत खोल, कढईतला तेलाचा थेंब उडावा तसं, हात एका जागेच्या वर नेला की. पण तपासायच्या दिवशी मी घरून निघताना दुखण्याची गोळी घेऊन जायचे. चिन्मय म्हणायचा, आज्जी, हात वर करा, आणि मी कंबर वाकडी करून, अंग मागं टाकून, हात वर गेल्यावानी दाखवायचे. कोमलचं लक्ष असलं की ती कमरेला धरायची, म्हणायची, "कमरेतून न्हाई आज्जी, खांद्यातून." पण ती दुसऱ्या पेशंटकडं वळली की मी माझा कार्यक्रम उरकून घ्यायचे. चिन्मय विचारायचा, दुखणं दहापैकी किती? मी म्हणायचे, एक. आणि तो बी तुझ्यासाठी राखून ठेवलाय. त्याचं तोंड असं उजळायचं! आता तुमीच सांगा, ज्या पोराला मांडीवर घेतलं, ज्याच्या हाताला यश यावं म्हणून नवस बोलावा, त्याच्या तोंडावर म्हणायचं का, की बाबा, काई फरक न्हाई? जेवायला बोलावलेल्या घरी भाजी खारट झाली म्हणून सांगतो का आपण? म्हणतो, झकास झाली, आणि पाणी जास्त पितो. असंच चाललं होतं. त्या बाकड्यावरच्या सगळ्याच बाया असंच करत असतील, अशी मला दाट शंका हाय. आमच्याकडं डॉक्टरला बरं नसल्याचं सांगणं म्हणजे त्याच्या हाताला नाव ठेवणं.

पण हे बी पुरं खरं न्हाई. शिरड शहापूरला मी लहान होते, आई नव्हती, घरात काकवा आणि चुलत भावंडं, माणसांचा बाजार. एकदा माझं पोट दुखत होतं. मी म्हणाले, पोट दुखतं. कोणी मान वळवली न्हाई. पुन्हा म्हणाले. काकू म्हणाली, निज. मग मी म्हणाले, माझ्या पोटात साप गेला, पाणी पिताना, मी शेपूट बघितली. सगळं घर माझ्याभोवती! काकूनं डोकं मांडीवर घेतलं, आजोबांनी गडी पाठवला, पोरं डोळे फाडून बघत होती. पोट तेव्हा बी दुखतच होतं, तेवढंच, पण ते आता सगळ्यांचं झालं होतं. त्या दिवसापासून साधं दुखणं मी कोणाला सांगितलं न्हाई. मालक गेले तेव्हा सुद्धा आलेल्या बायांना मी सांगून राहिले होते, की जाताना त्यांनी मोराच्या आवाजात हाक मारली. बाया रडायच्या थांबून ऐकायला लागल्या. आपलं रडू मला तेव्हा आलंच न्हाई, ते कुठं गेलं कुणास ठाऊक. खिडकीत बसून हे सगळं माझ्या कानशिलात गरम होऊन राहिलं होतं, आणि समोर ती बाई डाव्या हातानं उजवा हात उचलून ठेवत होती. उचलून ठेवत होती. मनात म्हटलं, गाडी सुटू दे आता. ड्रायव्हरनं दुसरी भाकर मागितली. ती भाकर करायला पार्वतीबाईला इतका वेळ लागला, की ढाबेवाला तिच्या मागं येऊन उभा राहिला आणि बघत राहिला. मला तो उभा राहिलेला बघवला न्हाई. मी उतरले.

"अग्गो! फुगेवाल्या आज्जी!" पार्वतीबाई उठलीच. रागवली न्हाई, तोंड फिरवलं न्हाई. तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं सगळ्या ढाब्याला हाक दिली. "या इकडं, या! म्या सांगत व्हते ना? याच त्या. यांच्या खांद्यात पान्याचा फुगा हाय, वाजतो. म्या कानानं ऐकला. नशीब लागतं त्याला बी. आमच्या खांद्यात काई न्हाई घातलं त्यांनी, नुसतं कापून शिवून दिलं. म्हून म्या जायचंच सोडलं. उगं एस्टीचे धक्के काहून खावा?"

ट्रकवाले उठून आले. एक म्हणाला, "अम्मा, बजा के दिखाव ना." कंडक्टर हात धुवून आला. रेवती चहाचा कप घेऊन लांब उभी, तिच्या कपाळावर आठी. सगळे डोळे माझ्या तोंडावर. अख्ख्या जन्मात मला एवढं चांगलं ऐकणारं मंडळ एकदम मिळालं नव्हतं, आणि माझी जीभ, देवा शप्पथ, वळवळली. समिंदर, पुनव, विहीर, सगळं ओठावर आलं. काखेत पिशवी नव्हती तरी काख दाबली गेली माझी.

मी म्हणाले, "तो आवाज बर्फाच्या पिशवीचा होता. माझ्या खांद्यात फुगा हाय का न्हाई, मला ठाऊक न्हाई."

सगळे हसले. पार्वतीबाई सगळ्यात जास्त हसली, डाव्या हाताच्या मनगटानं डोळे पुसून म्हणाली, "बघा, कश्या बोलत्यात! यांच्या गोष्टीत दिवस जातो बघा."

"पार्वती, गोष्ट न्हाई ही. खरं हाय."

ती अजूनच हसली. मग मला समजलं की तोंडानं आता काही व्हायचं न्हाई. हे तोंड मीच खर्चून टाकलं होतं. मी काटवटीतलं पीठ उजव्या हाताच्या बोटांना लावलं आणि ढाब्याच्या भिंतीपुढं जाऊन उभी राहिले. धुरानं काळी पडलेली भिंत. म्हणाले, "ये. माझ्या कमरेला धर. कोमल धरते तशी. हलू देऊ नको मला." ती आली, हसतच. पिठाचा डावा हात तिनं माझ्या कमरेवर ठेवला, आणि मग सवयीनं उजवा हात बी उचलून दुसरीकडून लावला. तिला ते नीट येत होतं. कोमलनं शिकवलं होतं दोघींना. मी बोटं भिंतीला लावली, मुंगी चढते तशी चढवायला लागले. पोटापर्यंत गेली. छातीपर्यंत गेली. मग तो तेलाचा थेंब उडाला. गोळी घेतली नव्हती आज. अंग आपसुक मागं झुकायला गेलं, कंबर वाकडी व्हायला लागली, आणि तिचे हात आवळले. कंबर जागच्या जागी. हात छातीपुढं अडलेला, त्याच्यावर जाईना. घाम कपाळावरून डोळ्यात उतरला. मी बोटं काढली. काळ्या भिंतीवर पिठाचे पांढरे ठिपके चढत गेलेले, आणि मधेच संपलेले. नातीनं लहानपणी तिथवर हात पुरवून रेघोट्या ओढल्या असत्या.

कोणी हसलं न्हाई. ट्रकवाला मागं सरकला. पार्वतीबाईचे हात माझ्या कमरेवर तसेच होते, आता नुसते ठेवलेले. मग ते निघाले. ती माझ्या बाजूला आली, ते ठिपके बघत राहिली. मग तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, भिंतीला टेकवला आणि डावा सोडून दिला. उजवा घसरत खाली आला. माझ्या ठिपक्यांच्या खाली, बेंबीजवळ, एक फराटा.

"म्हंजी तुमचा बी असाच," ती म्हणाली.

"असाच. तुझ्यापेक्षा थोडा बरा, तो व्यायामानं. मला जबरदस्तीनं करायला लावतात म्हणून."

"आन् म्या घरी बसले." ती माझ्याकडं बघून बोलत नव्हती, फराट्याकडं बघून बोलत होती. "वाजत न्हाई म्हून. रोज निजताना ऐकत व्हते म्या. रोज. दगडोबा म्हनायचा, आये, काय ऐकती गं खांद्यात?" दगडोबा तिचा पोरगा. "म्या म्हनायचे, काई न्हाई, काई न्हाई."

मी म्हणाले, सोमवारी तपासणी हाय. कोमल वाट बघते. उशीर झालाय पण खांदा हातचा गेला न्हाई अजून, ती म्हणत होती. मी येऊ का न्यायला?

"भाकर जळून राहिली," पार्वतीबाई म्हणाली, आणि गेली. जाताना तिनं तोंड फिरवलं तेव्हा मला दिसलं, की आता राग आला हाय. पोटातून, हळूहळू येणारा. मी तिथं उभी राहून तो घेतला. दुसरं घेण्यासारखं काही नव्हतंच.

गाडीत रेवती शेजारी बसली. माझ्या लुगड्यावर कमरेला दोन पिठाचे पंजे उठले होते, ते तिनं झटकले न्हाईत. हिंगोली आली, हळदीचा वास आला, तेव्हा म्हणाली, "लई दुखतं का हो?" मी म्हणाले, "व्हय." ती वाट बघत राहिली, पुढं बैल येतो की एस्टी येते म्हणून. काही आलं न्हाई. तिनं माझ्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

सोमवारी मी चिन्मयला म्हणाले, आधी कोमलला सांग, माझ्या कमरेला धर म्हणावं. कोमलनं धरलं. हात गेला तिथवरच गेला. दुखणं किती, तर मी सात म्हणाले, आणि मागच्या खेपांचं बी सांगितलं, गोळी, कंबर, सगळं. पोराचं तोंड उतरलं. ते बघणं हाताच्या दुखण्यापेक्षा जड होतं, पण मी बघितलं. तो म्हणाला, "हे सगळं वर कळवावं लागेल, आज्जी." मी म्हणाले, कळव. बाहेर आले तर बाकड्याच्या पार टोकाला पार्वतीबाई बसलेली. धुराचा वास मला दारातच आला होता. ती माझ्याकडं बघत नव्हती. मी दुसऱ्या टोकाला बसले. मधे एक नवी बाई होती, वसमतकडची, गळ्यात हात बांधलेला. तिनं आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं, आणि पार्वतीबाईला हळूच विचारलं, "म्हनं इथं एक आज्जी येत्यात, त्यांच्या खांद्यात फुगा हाय, वाजतो. याच का त्या?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. पार्वतीबाईनं उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर नीट केला.

"त्यास्नी ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "मला बी न्हाई. तुमी आपला व्यायाम करा."